छोट्या गाडीने सहकुटुंब

दिवाळीचा फराळ निम्मा संपला, पाहुणे परतीच्या वाटेला लागले आणि शाळा उघडायला अजून आठवडाभर अवकाश असला, की प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हटकून निघतो : "आता कुठे जायचं?" आम्हा नाशिककरांना तो जरा जास्तच अवघड जातो. तीर्थ म्हणावे तर गोदावरी दाराशी. देव म्हणावे तर काळाराम गावात आणि त्र्यंबकेश्वर घटकाभराच्या वाटेवर. डोंगर म्हणावेत तर गच्चीवर उभे राहिले की क्षितिजावर रांगच लागलेली. लोक ज्यासाठी नाशिकला येतात ते आम्हाला रोजचेच! तेव्हा नाशिककराची सहल म्हणजे नाशिकबाहेर पडणे, हे ओघानेच आले.

अलीकडे पुष्कळ घरांत मोटार आली आहे. मोटार सोयीची खरी, पण मोटारीतली सहल मी नीट निरखून पाहिली आहे. पुढचे दोघे रस्त्याला डोळे लावून बसलेले, मागची मुले मोबाइलात बुडालेली आणि आजीबाई मधल्या जागेत गुडघे जुळवून अंग चोरून बसलेल्या. त्यांना ना खिडकी मिळते, ना पाय मोकळे करायला मिळतात. आगगाडीचे तसे नाही. तिथे माणसे समोरासमोर बसतात. डब्याचे झाकण उघडले की गप्पांना तोंड फुटते आणि शेजारच्या अनोळखी मुलालाही एक चकली द्यावीच लागते. त्यातून गाडी लहान रुळांची, जुन्या धाटणीची आणि धिम्या चालीची असली, तर मुक्कामाचे ठिकाण येईपर्यंतच निम्मी सहल पदरात पडलेली असते.

अशा जुन्या गाड्या आपल्या आसपास आता किती उरल्या? गेल्या त्या का गेल्या आणि उरली ती कशाच्या बळावर उरली? नाशिक रोडचे स्टेशन मध्यावर धरून मी गेली साठ वर्षे हे पाहत आलो आहे. तीच हकीकत यंदा वाचकांपुढे ठेवतो. शेवटी सहलीचा बेतही सांगणार आहे, तेव्हा घाईची मंडळी खुशाल शेवट आधी वाचोत.

आमच्या गावची ट्राम

नव्या पिढीला सांगितले तर खरे वाटत नाही, पण नाशिकला एके काळी ट्राम होती. मुंबईहून भुसावळकडे गेलेली रेल्वे नाशिक गावात शिरलीच नाही. स्टेशन पडले गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब, म्हणून त्याचे नाव नाशिक रोड. हे अंतर तोडण्यासाठी १८८९ च्या सुमारास अडीच फुटी रुळांची ट्राम आली. मेन रोडवरच्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून निघून ती स्टेशन गाठी. सुरुवातीला दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे, असा थाट होता. घोड्यांच्या पागा गंजमाळात होत्या. आज जिथे दुकानांना दुकान लागलेले आहे, तो गंजमाळापासून स्टेशनापर्यंतचा मुलूख तेव्हा झाडीचा आणि निर्मनुष्य होता.

या ट्रामचे सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुढे पुन्हा भेटणार आहे. याच गृहस्थांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभी केली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत १८९७ साली धावू लागलेली ही अडीच फुटी गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. कितीएक पिढ्यांच्या वारकऱ्यांना तिने विठोबाच्या गावी नेऊन सोडले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रूळ रुंद झाले आणि लहान गाडी इतिहासजमा झाली.

नाशिकची ट्राम माझ्या आजीने पाहिली होती. तिच्या बोलण्यात कौतुक असे मुळीच नसे. "पावसाळ्यात भिजायचं, उन्हाळ्यात भाजायचं, पण पायपीट वाचायची," एवढेच ती म्हणे. चव्वेचाळीसएक वर्षे गावाची सेवा करून १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ट्राम बंद पडली. लागोपाठच्या दुष्काळाने आणि प्लेगने तिचे कंबरडे मोडले, असे सांगतात. त्या सुमारास मोटारीही रस्त्यावर आल्या होत्याच. नातवंडांना बोट दाखवून सांगावे, "इथून ट्राम जायची बरं का," अशी तिची खूण मला मेन रोडवर कुठे सापडलेली नाही. गाडी गरजेपोटी आली होती. गरज दुसऱ्या कोणी भागवली आणि गाडी गेली. आजीच्या त्या एका वाक्यात ट्रामचे सारे चरित्र आले.

थळ घाटातली नवलाई

ट्राम गेली तरी नाशिककराच्या वाट्याला रेल्वेची एक जुनी नवलाई अजून आहे आणि तिच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागत नाही. ती म्हणजे इगतपुरी-कसाऱ्याचा थळ घाट. १ जानेवारी १८६५ रोजी हा मार्ग खुला झाला. सव्वानऊ मैलांत ९७२ फुटांची चढण. सगळ्यात तीव्र चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. कागदावर हे किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाकाने एवढे चढायचे म्हणजे साबण लावलेल्या फरशीवरून पाण्याची घागर घेऊन जाण्यापैकी आहे. बोगद्यामागून बोगदे आणि एहेगावजवळच्या खोल दरीवरचा उंच पूल ही सारी बांधणी सुरुंग, पहारी आणि हजारो मजुरांचे हात यांच्या जोरावर झाली.

माझ्या लहानपणी या घाटाची आणखी एक मौज होती. मुंबईकडून विजेची गाडी १९३० सालीच इगतपुरीपर्यंत पोचली होती. पण इगतपुरीच्या अलीकडे, आमच्या नाशिकच्या बाजूला, १९६० नंतरही काही वर्षे कोळशाचे इंजिनच होते. त्यामुळे मुंबईला जाणारी गाडी इगतपुरीला थांबली की इंजिन बदलावे लागे. वडील आम्हा भावंडांचे हात धरून फलाटाच्या टोकाला नेत. काळेकुट्ट इंजिन मोठा सुस्कारा सोडून बाजूला होई आणि विजेचे इंजिन मुकाट्याने येऊन त्याची जागा घेई. नाशिक रोडपासून डोळ्यांत गेलेले कोळशाचे कण आई पदराच्या टोकाने काढी, तीही इगतपुरीलाच. पुढे तिला ते काम उरत नसे.

मालगाड्या ओढायला आणि घाटात मागून रेटा द्यायला त्या वेळी एक विलक्षण इंजिन असे. पुढे लांब नाक, मागेही तसेच लांब नाक, मध्ये खोली आणि चाकांना जोडलेल्या दांड्या पुढेमागे हलत असलेल्या. रेल्वेची माणसे त्याला 'खेकडा' म्हणत आणि ते एकदा पाहिले की दुसरे नाव सुचतही नसे. १९२८-२९ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांतून आलेल्या या खेकड्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ आपले दोन्ही घाट सांभाळले. त्यांतला एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात विसावला आहे. मुलांना घेऊन मुंबईला गेलात तर अवश्य दाखवा.

खेकडे गेले, तरी घाटाची रीत तीच आहे. मुंबईहून परतताना गाडी कसाऱ्याला थांबते आणि मागे जादा इंजिने जोडली जातात. पुढून ओढणारे आणि मागून रेटणारे असे सगळे मिळून गाडी वर नेतात. जोडणी होताना मागच्या डब्यांना एक हलका धक्का बसतो. मुलांना आधी सांगून ठेवावे आणि धक्का बसला की त्यांचे चेहरे पाहावेत. उतरतानाची योजना तर त्याहून गमतीची. उतारावर एखादी गाडी आवरली नाहीच, तर तिला बाजूच्या चढावर वळवून थांबवणारे वेगळे रूळ घाटात ठेवलेले आहेत. माझ्या नातवाला हे समजल्यापासून तो जिन्याच्या कठड्यावरून घसरतानाही तळाशी उशी मांडून ठेवतो.

पाचोऱ्याच्या बाईंचे म्हणणे

नाशिक रोडहून भुसावळच्या अंगाला निघाले की मनमाड आणि चाळीसगाव मागे टाकून पाचोरा लागते. तिथून जामनेरला एक अडीच फुटी गाडी जात असे. लोक तिला लाडाने 'पीजे' म्हणत. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेला हा छप्पन्न किलोमीटरांचा रस्ता. वाटेत शेंदुर्णी, पहूर अशी गावे. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचे मंदिर आहे आणि खानदेशात त्या गावाला प्रतिपंढरपूर म्हणतात.

२०१८ च्या जानेवारीत एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही पाचोऱ्याला गेलो होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी आणि सौ. दोघे शेंदुर्णीच्या दर्शनाला या गाडीने निघालो. डबे लहान, खिडक्या लहान, गाडीची चाल सायकलवाल्याशी गप्पा माराव्यात अशी. दोन्ही अंगांना वेचून झालेली कपाशी. आम्ही दोघे शाळकरी पोरांसारखे या खिडकीतून त्या खिडकीत होत होतो. समोर एक बाई भाजीची पाटी पायांशी धरून बसल्या होत्या. त्या बराच वेळ आमच्याकडे पाहत होत्या. सौ.ने त्यांना विचारले, "तुमची तर रोजचीच असेल ही गाडी. किती छान आहे नाही?"

बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमची हौस होते ताई, आमचा दिवस जातो हिच्यात."

त्या उत्तरावर आम्ही दोघेही गप्प झालो. छप्पन्न किलोमीटरांना जवळपास दोन तास. तिकीट स्वस्त, म्हणून त्या बसत होत्या. त्यांना पाटीभर भाजी विकून वेळेवर घरी पोचायचे होते आणि आम्हाला वेळ कसा घालवावा हा प्रश्न होता. एकाच बाकावर समोरासमोर बसलेल्या माणसांना गाडी इतकी वेगळी दिसते!

२०२० साली करोनाच्या टाळेबंदीत ही गाडी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. तिच्या जागी रुंद रुळांचे काम हाती घेण्यात आले. छोटी गाडी गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ लेख मी वाचले आणि मलाही हळहळ वाटलीच. पण त्या बाईंचे वाक्य आठवले की तक्रार करायला जीभ रेटत नाही. जामनेरच्या मुलाला जळगावच्या कॉलेजात वेळेवर पोचता आले पाहिजे, पहूरच्या आजाऱ्याला मोठ्या गावचा डॉक्टर लवकर गाठता आला पाहिजे. आमच्या वर्षा-दोन वर्षांच्या हौसेसाठी त्यांनी जन्मभर हळू चालावे, हे म्हणणे न्यायाचे नव्हे. मधली वर्षे त्यांना ना छोटी गाडी ना मोठी, अशी काढावी लागली, एवढे मात्र बोलल्यावाचून राहवत नाही.

मग जुनी लहान गाडी कुठेच राहू नये काय? राहावी. पण जिथे तिथल्या माणसाला ती अडचण वाटत नाही, तिथे. असे एक ठिकाण आपल्या सुदैवाने नाशिकपासून अर्ध्या दिवसावर आहे.

नेरळहून वर

माथेरानचा डोंगर १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेत भरला आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आला. वर जायचे तर पायी, घोड्यावर किंवा पालखीत. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०० च्या सुमारास इथे रेल्वेचा बेत केला. वडिलांनी पैसा पुरवला. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली आणि खर्च आला सोळा लाख रुपये. सल्लागार इंजिनिअर कोण? आपले कॅलथ्रॉपच! नाशिकची ट्राम आणि बार्शीची गाडी यांची ही धाकटी बहीण. तिचे रूळ त्यांच्याहून अरुंद, फक्त दोन फुटी. आपल्या घरचे जेवणाचे टेबल याहून रुंद असते.

थळ घाटाचा चढ सदतिसास एक म्हणून आपण बोटे तोंडात घातली; इथे तो विसास एक आहे. नेरळ ते माथेरान अंतर जेमतेम एकवीस किलोमीटर, पण त्यात गाडी इतक्या वेळा वळते की सरळ असा रूळ शोधावा लागतो. मोठी आगगाडी एवढ्या वळणावर रुळावरून उतरलीच असती. म्हणून जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कारखान्याने इथल्यासाठी चार खास इंजिने बांधली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर थोडे बाजूला सरकण्याची मुभा होती. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत वाफेची ही इंजिने निवृत्त झाली आणि सगळा भार डिझेलवर आला. नेरळला जुने वाफेचे इंजिन मांडून ठेवलेले आहे. मुलांचे फोटो काढून घ्यायला ती जागा उत्तम.

या गाडीच्या ब्रेकची रीतही ऐकण्यासारखी आहे. उतारावर सारा भार एकट्या इंजिनावर टाकता येत नाही. म्हणून पुष्कळ वर्षे डब्याडब्यांच्या मध्ये माणसे बसलेली असत. ड्रायव्हरने शिटीने खूण केली की ती हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळीत, दुसरी खूण झाली की सैल करीत. वर प्रवासी करवंदे खात बसलेले आणि खाली ही माणसे शिटीकडे कान लावून! २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरण्याचे दोन प्रकार घडल्यावर गाडी बंद ठेवण्यात आली आणि पुढे हवेच्या दाबाचे ब्रेक आले.

आईचे माथेरान

आता घरची गोष्ट सांगतो. माझी आई जन्माने नाशिकची. तिने चारी धाम केले, काशी केली, पण माथेरान मात्र तिचे राहून गेले होते. आमच्या लहानपणी चार मुलांना घेऊन जाणे परवडले नाही. पुढे परवडू लागले, तेव्हा नोकऱ्या आणि परीक्षा आड आल्या. २००५ च्या दिवाळीचा बेत पक्का झाला होता, तर त्या जुलैच्या प्रलयंकारी पावसाने डोंगरावरचा लोहमार्गच वाहून नेला. तो २००७ मध्ये दुरुस्त झाला. मग वडिलांचे आजारपण आणि त्यांचे जाणे. २०१६ च्या उन्हाळ्यात पुन्हा मनावर घेतले, तेव्हा गाडी बंद. २०१८ च्या जानेवारीत ती पूर्ववत झाली आणि आम्ही पुढच्या वर्षावर टाकले, तो २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा दरडी कोसळल्या आणि रूळ खचले. मागोमाग करोना.

चिरंजीव म्हणाले, "आजी, आपण मोटारीनं दस्तुरी नाक्यापर्यंत जाऊ. पुढं जेमतेम अडीच-तीन किलोमीटर आहे."

माथेरानात मोटारीला बंदी आहे. दस्तुरीला गाडी ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढलेल्या हातरिक्षात बसून जायचे, अशी तेव्हा रीत होती. आईला चालवणार नव्हते आणि घोडा तर बोलायलाच नको. हातरिक्षाचे नाव काढताच ती म्हणाली, "माणसाच्या जिवावर डोंगर चढायला मी काही देवाची पालखी नव्हे. गाडी सुरू होईल तेव्हा नेा. नाही झाली तर राहू द्या."

२०२२ च्या २२ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, नेरळहून गाडी पुन्हा सुटली. आम्ही भाऊबीज उरकली आणि निघालो. सत्त्याऐंशी वर्षांची आई, आम्ही दोघे, चिरंजीव, सूनबाई, नऊ वर्षांचा नातू आणि सहा वर्षांची नात. आदल्या रात्री कल्याणला मेहुण्यांकडे मुक्काम केला आणि सकाळच्या लोकलने नेरळ गाठले.

नेरळहून निघालेली छोटी गाडी प्रथम मोठ्या गाडीच्या रुळांशी सलगी करीत जाते आणि मग एकदम अंग वळवून डोंगराला भिडते. वेग ताशी वीस किलोमीटरांच्या वर जायचा नाही, असा दंडकच आहे. पाऊस नुकता सरला होता. उताराउतारावर गवत पिवळे पडू लागले होते आणि कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या. पहिले स्टेशन जुम्मापट्टी. वरून उतरणारी गाडी इथे बाजूला उभी राहते. दोन्ही गाड्यांतली पोरे एकमेकांना हात करून ओरडतात आणि मोठी माणसे उगाच संकोचतात. पुढे या मार्गावरचा एकुलता एक बोगदा. तो इतका लहान की नातीने डोळे मिटून घेतले आणि उघडले, तो उजेड! त्यानंतर वॉटर पाइप स्टेशन. तिथून वरची नागमोडी वळणे ही खरी मौज. खालचे एकच गाव आधी उजवीकडे दिसले, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. नातू प्रत्येक वेळी नवे गाव समजून मोजत होता. तिसऱ्या वेळी त्यालाच उमगले आणि तो ओरडला, "आजोबा, गाव तेच आहे, आपण वर आलोय!"

आईला खिडकी दिली होती. ती बोलत नव्हती. पॅनोरमा पॉइंटाच्या बाजूला गाडी कड्याच्या काठाने जाते आणि खाली सगळी कोकणपट्टी पसरलेली दिसते. तिथे ती सूनबाईला म्हणाली, "यांना दाखवायला हवं होतं." मग स्वतःच पदर सावरून म्हणाली, "असू दे. तुम्ही सगळे आहात ना!"

अमन लॉज आले, मोटारीवाले तिथे मागे राहिले आणि थोड्याच वेळात गाडी माथेरानच्या भर बाजारात उभी राहिली. आई काठी टेकीत डब्यातून उतरली आणि कोणाच्या खांद्याचा, कोणाच्या घामाचा आधार न घेता लाल मातीवर उभी राहिली. आमच्या नातवंडांना ही गाडी खेळण्यासारखी वाटली. आईला ती खेळणे नव्हती. त्या डोंगरावर मानाने पोचण्याचे तिला उरलेले तेवढेच वाहन होते.

पाचोऱ्याची गाडी आणि माथेरानची गाडी यांतला फरक मला त्या वेळी कळला. पाचोऱ्याला छोटी गाडी जामनेरकराच्या वाटेत उभी होती. माथेरानला ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना आणि पाय अधू असलेल्यांना वर नेते. मोटारबंदीमुळे तिची गरज टिकली आणि गरजेमुळे ती टिकली. पूर आला, दरडी आल्या, डबे घसरले. प्रत्येक वेळी रूळ पुन्हा घातले गेले. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या डोंगरी गाड्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला आहे. माथेरानचे नाव अजून संभाव्य यादीतच आहे. मान मिळाला तर आनंदच आहे, पण नुसत्या मानावर रूळ दुरुस्त होत नाहीत.

एक गोष्ट मात्र आता बदलते आहे. दस्तुरीहून वर जायला ई-रिक्षा आल्या आहेत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढू नये, हे आईचे म्हणणे न्यायालयानेही मानले, याचा आम्हा घरच्यांना केवढा आनंद! पण दस्तुरीपर्यंत मोटार आणि पुढे ई-रिक्षा इतके सोपे झाल्यावर पुष्कळ कुटुंबे नेरळच्या फलाटाकडे वळणारही नाहीत. ट्रामची कथा आपण वर वाचलीच आहे. गाडीवर प्रेम करणारी, पण मोटारीने जाणारी माणसे नाशिकलाही असतीलच.

बेत असा करा

नेरळ ते अमन लॉज ही गाडी पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बंद असते. त्या दिवसांत अमन लॉज ते माथेरान एवढी लहान फेरीच चालते. तेव्हा पूर्ण प्रवास हवा तर दिवाळी, नाताळ किंवा उन्हाळ्याची सुटी धरावी.

नाशिकहून सकाळी निघून नेरळची सकाळची गाडी गाठण्याचा अट्टहास करू नये. आदल्या संध्याकाळी कल्याण गाठावे आणि सकाळी कर्जतच्या लोकलने नेरळला लवकर पोचावे. गाड्या मोजक्या आणि जागा त्याहून मोजक्या, म्हणून वेळा आणि तिकिटांची चौकशी आधी करून ठेवावी. घरात मेहुणे कल्याणला नसतील, तर धर्मशाळा अगर हॉटेल पाहावे. मेहुणे असतील, तर चिवड्याचा डबा न्यायला विसरू नये.

सामान हातात मावेल तेवढेच घ्यावे, कारण डब्यात वळकटीला जागा नाही. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. वरची माकडे उघडी पिशवी ओळखतात आणि लाडवाला नाही म्हणत नाहीत. खिडकीसाठी मुलांनी भांडू नये. गाडी इतकी वळते की डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला सारखेच दिसते. खिडकी घरातल्या सर्वांत वडील माणसाला द्यावी. त्याने पाहायचे राहिलेले सर्वांत जास्त असते.

परतताना कल्याणहून नाशिकच्या गाडीत शक्यतो मागच्या डब्यात जागा धरावी आणि कसाऱ्याला इंजिने जोडल्याचा धक्का चुकवू नये. वर इगतपुरीला पोचताच मुलांना सांगावे, की एके काळी इथे गाडीचे इंजिन बदलत असे आणि आजीच्या पदराला कोळशाचे डाग पडत.

जाताना आपण जुनी वस्तू पाहायला निघालो आहोत, असे मनात धरू नका. नेरळच्या खिडकीवर सात माणसांची सात तिकिटे मागा आणि साधे प्रवासी म्हणून बसा. त्या गाडीला पुढची शंभर वर्षे काढायची असतील, तर अशीच तिकिटे तिच्या उपयोगी पडतील.